वरून चैत्र, आत पौष

सुभेदार हिंदुराव निकम यांनी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. माणदेशातला माणूस, त्याला पाऊससुद्धा नवलाचा. त्यांनी घरी पत्र धाडलं की इकडे आभाळातून मीठ पडतं आणि कुणी भरून ठेवत नाही. पुढे फौजेने त्यांच्या पायांत स्की बांधल्या, त्या काही सुटल्या नाहीत. वीस वर्षं जवानांना शिकवलं. निवृत्तीनंतर गढवालातल्या भानधारच्या उतारावर पर्यटकांना शिकवलं. आता बासष्टाव्या वर्षी ते तिथले सुरक्षाप्रमुख होते. म्हणजे रोज सकाळी उतार उघडायचा की बंद ठेवायचा, हे ठरवून कागदावर सही करणारा माणूस.

नवशिक्यांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "पौषातला बर्फ म्हणजे सासर, आन् चैत्रातला म्हणजे माहेर." मग हिंदीत समजावून सांगत, कारण समोर दिल्ली-लखनौची माणसं असत आणि त्यांना सासर कळे, माहेर कळत नसे.

बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. पौषात पारा उणे बारावर. सावलीत बर्फ गुडघाभर भुसभुशीत आणि वाऱ्याच्या तोंडावर काचेसारखा टणक, तोही दहा पावलांच्या अंतराने. बोटं बधिर, चष्म्यावर धुकं, आणि पडलं की आधी हाड आठवणार, मग देव. चैत्रातली गोष्ट वेगळी. रात्री बर्फ गोठतो, सकाळी दगड असतो. दहाच्या सुमारास ऊन लागलं की वरची चार बोटं सैल होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे दाणे सुटे होतात आणि स्की मनात आलं की वळते. अंगात एक सदरा पुरतो. पडलेला माणूसही हसत उठतो. एक वाजल्यानंतर मात्र त्याचा चिखल होतो आणि ओला बर्फ घसरायला लागतो, म्हणून एकच्या ठोक्याला सगळ्यांनी खाली यायचं. चैत्राचा धोका असा घड्याळ पाहून येतो. पौषाचा धोका आतल्या थरांत दडलेला असतो आणि त्याला दिवसाचा कुठलाही प्रहर चालतो.

हे माहेर गेल्या दहा वर्षांत आटत चाललं होतं. हिवाळा आखूड झाला. फाल्गुन संपायच्या आत उताराची काळी माती दिसू लागे. चैत्र वेळेवर येई, पण त्याच्या अंगावर बर्फ नसे. पर्यटकांच्या वाट्याला पौषातलं सासर तेवढं उरलं. ते एकदा येत, कुडकुडत, आणि पुढच्या वर्षी समुद्रावर जात. भानधारची निम्मी हॉटेलं बंद पडली होती.

सुभेदारांच्या घरात माणसं तीन. ते स्वतः, मुलगा धैर्यशील आणि सून मैथिली. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. धैर्यशील उतारावरच गस्तीपथकात होता. पर्यटकांच्या टोळ्या वरच्या धारेपर्यंत नेणं आणि सुखरूप खाली आणणं हे त्याचं काम. मैथिली कराडची, शिकलेली बर्फावरच. बर्फाच्या कणांत ऊन कसं मुरतं यावर तिने प्रबंध लिहिला होता आणि उतार चालवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. सासऱ्यांना ती रीतीप्रमाणे 'मामा' म्हणे, आणि समोर उभी राहून उलट बोलत नसे. धैर्यशील तिला चिडवायचा, "प्रबंध लिहिलास तेव्हा गाइडलापण असंच मान खाली घालून दाखवलास का?"

एका सकाळी चहा ओतता ओतता ती म्हणाली, "मामा, समजा चैत्र पौषात आणला तर?"

"आधी पंचांगवाल्याला इचार."

"खरंच सांगतेय. तुमचं ते माहेरचं वाक्य ऐकून सुचलं."

मग तिने समजावून सांगितलं. ताजा बर्फ पांढरा, कारण डोळ्यांना दिसणारा बहुतेक उजेड तो परत फेकतो. पण उन्हात डोळ्यांना न दिसणारेही किरण असतात, उष्णतेचे. तिने काचेच्या जातीची एक भुकटी तयार केली होती. कण इतके बारीक की बर्फावर टाकले तरी बर्फ पांढराच दिसावा, पण हे न दिसणारे किरण ते शोषून घेणार आणि वरच्या चार बोटांतच त्याची ऊब करणार. हवा उणे आठ का असेना, आभाळ निरभ्र असलं की दुपारी वरचा थर सैल होणार आणि रात्री गोठणार. तीन-चार दिवस असं झालं की दाणे टपोरे. ऐन पौषात चैत्राचा बर्फ.

"आन् इखार नाही ना त्यात? खाली लोक पाणी पितात."

"वाळूइतकी साधी आहे, मामा. पाण्याची तपासणी झालीय."

सुभेदार बशीतला चहा पीत राहिले. त्यांना सुनेचा अभिमान वाटला आणि तो त्यांनी, पुरुषांच्या जुन्या खोडीप्रमाणे, तिच्याऐवजी शेजाऱ्यापाशी बोलून दाखवला.

त्या पौषात ड्रोननी वरच्या धारेवर भुकटी फवारली. कंपनीने तिचं नाव ठेवलं 'ऊब'. पाचव्या दिवशी सुभेदार पहिल्यांदा तिच्यावरून उतरले. साडेदहाची वेळ, हवा उणे सात, आणि पायांखाली चैत्र. दाणे तसेच, सरसर आवाज तसाच, वळणं तशीच आपसूक. दहा वर्षं हरवलेली वस्तू कुणी हातात आणून द्यावी तसं त्यांना झालं. खाली पोचेपर्यंत डोळे भरले होते, आणि कलमसिंहाने विचारलं तेव्हा त्यांनी वाऱ्यावर ढकललं. कलमसिंह हा गस्तीतला त्यांचा वीस वर्षांचा सोबती, इथलाच. त्याला वारा कुठला आणि पाणी कुठलं हे बरोबर कळत होतं.

पर्यटक लोटले. पौषात लोक जाकिटं कमरेला बांधून घसरू लागले. वर्तमानपत्रांत मैथिलीचा फोटो आला.

सुरक्षेच्या कामाची एक जुनी रीत होती. रोज सकाळी उताराच्या एका कडेला छातीएवढा खड्डा खणायचा आणि त्याच्या भिंतीवर हात फिरवत यायचं. एकेक थर मुठीने दाबायचा, मग चार बोटांनी, मग एका बोटाने, मग पेन्सिलीने. जिथे मूठ सहज आत जाते तो थर कच्चा. कच्च्यावर पक्का थर बसला असेल तर वरचा कधीही खाली येणार. पौष-माघात हा खड्डा चुकवायचा नाही. चैत्रात मात्र कुणी खणत नसे. चैत्रात सगळा बर्फ वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाला आलेला असतो, आत दडवण्यासारखं काही उरत नाही. टाचेने आपटून रात्री नीट गोठला का एवढं पाहायचं आणि घड्याळ लावायचं.

पहिला आठवडाभर सुभेदारांनी खड्डा खणला. आठव्या दिवशी मॅनेजर सेठी पत्रकारांना घेऊन वर आला. खड्ड्यात उभ्या सुभेदारांकडे पाहून तो हसत म्हणाला, "सुभेदारसाहेब, बहूच्या कामावर भरोसा नाही वाटतं?"

सगळे हसले. मैथिली बाजूला उभी होती. तिने मान खाली घातली. सुभेदारांना ते लागलं. घरची लेक चार लोकांत मान खाली घालते, आणि ती कुणामुळे, तर आपल्यामुळे. त्यांनी फावडं बाहेर फेकलं आणि वर आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टाचेने आपटून पाहायला सुरुवात केली. बर्फ टाचेला चैत्रासारखाच लागत होता. सकाळच्या कागदावर 'खड्डा खणला का' असा रकाना होता, तिथे ते लिहू लागले, 'गरज नाही'.

आत काय चाललं होतं ते नंतर सगळ्यांना कळलं. खऱ्या चैत्रात सबंध थर उबदार असतो. इथे वरची चार बोटं उबदार, आणि त्यांच्या लगेच खाली पौषाचा कोरडा, उणे नऊ अंशाचा बर्फ. एवढ्याशा अंतरात इतका फरक पडला की वाफ उबेकडून थंडीकडे धावते. ती खालच्या कणांमधून जाताना त्यांना एकमेकांपासून सोडवते आणि कण टोकदार, सुटे, जाड्या साखरेसारखे होतात. वर रोज रात्री गोठून पक्की होत जाणारी फरशी आणि खाली साखर. सकाळी फरशी दगडासारखी असल्याने माणसाचं वजन खाली पोचत नाही. अकराच्या सुमारास ती सैल झाली, सगळ्यांना हवीहवीशी झाली, की पोचतं.

मैथिलीने बर्फात तापमान मोजणारे काटे रोवून ठेवले होते. अपघाताच्या दोन दिवस आधी तिने पडद्यावर पाहिलं की वरची रेघ आणि खालची रेघ यांच्यामध्ये अचानक कडा तुटल्यासारखी उतरण आहे. तिने वहीत तेवढा आकडा लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मामांना विचारावंसं तिला वाटलं. पण चाळीस वर्षं बर्फात घालवलेल्या माणसाला आपण काय सांगणार? आत काही कच्चं असतं तर त्यांच्या हाताला पहिल्यांदा लागलं असतं. मामा रोज खड्डा खणतातच की, असं तिने धरलं. त्या दिवशी ते खड्ड्यातून वर आले ते पत्रकारांपुरतेच, असं ती समजली होती; त्यांनी खणणं सोडलंय हे तिला ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी सुभेदारांनी टाच आपटली, कागदावर सही केली. धैर्यशील चार पर्यटक घेऊन वर निघाला.

"आप्पा, आज तुम्हीपण चला की. असा बर्फ पुन्हा मिळायचा नाही."

"मला खाली कामं हायत. एकच्या आत ये."

"एक कशाला, बाराला येतो. मैथिलीने वांगी आणलीत."

अकरा वाजून दहा मिनिटांनी वरच्या धारेवर धप्प असा आवाज झाला, जमिनीतून आल्यासारखा. सुभेदार चौकीच्या दारात होते. उतारावर आडवी रेघ उमटली, फरशी तुटली, आणि उताराची उजवी बाजू सगळीच्या सगळी खाली निघाली. चार ठिपके रेघेच्या खाली पुढे निघून गेलेले दिसले. पाचवा, सर्वांच्या मागे राहणारा, दिसेनासा झाला. टोळीचा म्होरक्या नेहमी शेवटून उतरतो. हे सुभेदारांनीच त्याला शिकवलं होतं.

चौघे पर्यटक कडेला फेकले गेले, एकाचा पाय मोडला, बाकी खरचटले. धैर्यशीलला बर्फाने तळाच्या घळीत नेलं. छातीला बांधलेलं त्याचं यंत्र संकेत देत होतं. कलमसिंहाने घळीत उतरून आपलं यंत्र फिरवलं.

"ग्यारह मीटर, साब."

बर्फाखाली माणूस पाव तास तग धरतो. अर्धा तास म्हणजे दैव. घळीपाशी पोचेपर्यंतच अर्धा तास उलटला होता. पण बाप असलेल्या माणसाला हा हिशेब कोण सांगणार? चौदा माणसं फावडी घेऊन खाली उतरली आणि सुभेदार काठावरून ओरडत राहिले, "खोदो! रुकना नहीं!"

मैथिली उताराच्या काठाने आली. धडपडत, अर्धी वाट बसून घसरत. वाटेत तुटलेल्या फरशीच्या कडेला थांबून तिने हाताने उकरलं होतं. तिची मूठ मिटलेली होती.

"मामा, नाही."

तिने हे मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर. खालची फावडी थांबली.

"काय न्हाई?"

"खणायचं नाही. डावी बाजू अजून वर लटकलीय. खाली हाच थर आहे." तिने मूठ उघडली. हातमोज्यातून जाड्या साखरेसारखे दाणे घरंगळून गेले, दोनसुद्धा एकमेकांना चिकटलेले नव्हते. "चौदा जण आहेत खाली. ऊन अजून तीन तास आहे."

"तुझा नवरा हाय त्यो."

"हो."

सुभेदारांचा हात वर उठला. तिला मारायला उठला की काय, हे त्यांना पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. तो हात त्यांनी तिच्या मुठीखाली धरला. दाणे तळहातावर पडले. त्यांनी ते बोटाने चोळले, आणि चाळीस वर्षांच्या हाताने त्यांना काय ते सांगितलं. मग त्यांनी शिट्टी काढली आणि तीनदा वाजवली. माणसं घळीतून वर आली. कलमसिंह सर्वांत शेवटी आला आणि फावडं तिथेच टाकून आला.

डावी बाजू त्या दिवशी पडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस ती नुसती लटकून होती आणि त्या चार दिवसांत सुभेदार सुनेशी एक शब्द बोलले नाहीत. खिडकीतून ती बाजू पाहत बसायचे. पडत का नाही, असं त्यांना वाटायचं. पडली असती तर निदान त्या शिट्टीला अर्थ आला असता. पाचव्या दिवशी पहाटे ती कोसळली. घळीवर आणखी सहा मीटर बर्फ चढला. यंत्राचा संकेत तेराव्या दिवसापर्यंत येत होता, मग थांबला. मोठी यंत्रं त्या घळीत उतरवता येणार नव्हती. सरकारी माणसांनी सांगितलं की आता बर्फ वितळेल तेव्हाच.

चौकशी जिल्ह्याच्या गावी झाली. कंपनीच्या वकिलाने आदल्या दिवशी मैथिलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं: खड्डा खणायचा नियम होता आणि सुभेदारांनी तो पाळला नाही, एवढं म्हटलं तरी पुरे. वयस्क माणूस आहे, शिक्षा काही होणार नाही, आणि 'ऊब' वाचेल. मैथिलीने समितीपुढे वही उघडून प्रश्नचिन्ह दाखवलं. दोन दिवस आधी मला दिसलं होतं, ती म्हणाली, आणि मी बोलले नाही. सुभेदारांना विचारलं, 'गरज नाही' असं का लिहिलंत? ते म्हणाले, "सूनबाईचा अपमान व्हायला नको, म्हनून." लिहून घेणाऱ्याने वर पाहिलं आणि पुन्हा विचारलं. त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं.

परतीच्या जीपमध्ये दोघं मागे बसली होती. सुभेदार म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्हाला शिकवल्यासारखं झालं असतं."

जीप दोन वळणं चढली.

"आन् मी खणत ऱ्हायलो असतो, तर तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," मैथिली म्हणाली. "तासभर."

त्यानंतर सुभेदार ढसाढसा रडले, अपघातानंतर पहिल्यांदा. मैथिली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि ड्रायव्हरने गाडी हळू केली.

'ऊब' आणखी तीन उतारांवर फवारली जात होती. मैथिलीने तिन्ही ठिकाणी स्वतःच्या नावाने अहवाल पाठवला: वरून चैत्र असला तरी आत पौष आहे, फवारणी थांबवा, रोज खड्डा खणा. दोघांनी थांबवली. तिसऱ्याने उत्तर दिलं नाही. तिची नोकरी गेली. कराडहून आईवडील न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, तो सापडेपर्यंत मी इथेच राहणार. घरात दोन ताटं वाढली जात. सुभेदार आता जेवताना बोलत, भाजीत मीठ कमी असेल तर तेही सांगत, आणि ती त्यांना म्हणे, "मामा, आज तुम्ही औषध घेतलं नाही, खोटं बोलू नका." एवढ्या साध्या गोष्टी बोलायला एक माणूस जावं लागलं, हे दोघांनाही कळत होतं.

त्या वर्षी फाल्गुनात अवचित मोठा बर्फ पडला. दहा वर्षांत पडला नव्हता असा. आणि मग खरा चैत्र आला. रात्री कडक, दिवसा ऊन. वरपासून खालपर्यंत बर्फ एकाच उबेला आला. सुभेदार रोज वर जाऊन खड्डा खणत, आता गरज नसतानाही, आणि भिंतीला हात लावून पाहत. घळीतला ढीग रोज वरून हातभर बसत होता आणि खालून ओढा त्याला पोखरत होता. हे ऊन त्यांनी जन्मभर मागितलं होतं. आता त्या उन्हाकडे ते पाठ करून खणत. त्यांना मुलगा हवा होता आणि ऊन त्यांना फक्त मुलाचं प्रेत देणार होतं.

पाडव्यानंतर नवव्या दिवशी ते वरच्या धारेवर होते. साडेदहा झाले होते. वायरलेसवर कलमसिंहाचा आवाज आला.

"साब, मिल गए. बहूजी पहुँच गई हैं. आप भी आइए."

घळीकडे जायच्या वाटा दोन. एक जीपची, दीड तासाची. दुसरी सरळ उतारावरून. सुभेदारांनी स्की बांधल्या आणि पाय सोडले.

बर्फ ऐन तयार होता. वरची चार बोटं सैल, खालचा थर पक्का, खरोखरचा पक्का. ऊन पाठीवर होतं. पहिलं वळण आलं, मग दुसरं, मग मोजायची गरज उरली नाही. दाणे सरसर बाजूला होत होते, स्की मनात आलं की वळत होती, आणि गुडघे, बासष्ट वर्षांचे, सांध्यासांध्यांत दुखणारे गुडघे, पंचविशीतल्यासारखे चालत होते. निम्म्या उतारावर सुभेदारांच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, छान वाटतंय. पोटचा पोर खाली बर्फातून निघतोय आणि आपण त्याच्याकडे जाताना सुखावतोय! त्यांना स्वतःची किळस आली. पडावं असं वाटलं, मुद्दाम पडावं. पण चाळीस वर्षांची सवय पायांना पडू देईना. ते एकाही वळणाला न चुकता खाली आले.

घळीच्या काठावर माणसं बाजूला झाली. खाली धैर्यशीलचं निळं जाकीट खांद्यापर्यंत उघडं झालं होतं. मैथिली त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ काढत होती. तिच्या स्की बाजूला टाकलेल्या होत्या, तळाला दाणे चिकटलेले. तीही सकाळी मधल्या चौकीवरून उतारानेच आली होती.

सुभेदार तिच्या शेजारी बसले. मुलाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मग त्यांनी ठरवलं की आता या घरात काही पोटात ठेवायचं नाही, हेसुद्धा नाही.

"पोरी," ते म्हणाले, "वरनं येताना... बर्फ लई चांगला हुता. मला बरं वाटलं गं."

मैथिलीचे हात थांबले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मलापण वाटलं, मामा," ती म्हणाली.

मग दोघं मिळून त्याच्या छातीवरचा बर्फ काढू लागली.